‘जीव’ कसा वाटला?

अल्बमचं नाव ‘जीव’ ठेवताना पुढं काय होईल याचा अंदाज ना रणजीतला आला, ना निशिगंधाला. रणजीतनं सगळ्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘आमचा जीव आजपासून सगळीकडे उपलब्ध.’ लगेच त्याच्या आत्याचा फोन. आवाज कापरा.

“बाळा, कुटं हाईस तू? बरा हाईस ना?”

“आत्या, गाणी हायत गाणी. अल्बमचं नाव हाय ते.”

“असली नावं ठेवत्यात व्हय रं? माझाच गेला असता आता!”

रणजीत दिघीतल्या जुन्या घरातला. शेतं गेली, त्या जागी त्याच्या वडिलांनी, सोपानरावांनी, तीन मजली बिल्डिंग बांधली आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून रणजीत रॅप करायला लागला. रॅप म्हणजे तालावर, यमकं जुळवत, दम न घेता बोलत राहायचं. बोलायची हौस त्याला लहानपणापासूनच होती. ताल मागाहून आला. त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर निशिगंधाचं कुटुंब भाड्यानं राहायचं. माणसं धाराशिवकडची. वडील भोसरीत लेथ मशीनवर आणि निशिगंधा चाकणच्या एका कंपनीत, गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करायला. कंपनीत ती कुणाशी फारसं बोलायची नाही. पण घरी येऊन चपात्या लाटायला बसली की गायची. खालच्या पट्टीत, सावकाश, एकेक शब्द पोटातून वर आणत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो आवाज वरच्या मजल्यावर जायचा. एके दिवशी रणजीतनं तिला जिन्यातच गाठलं.

“तू जे गातीस ना, त्याला सोल म्हणत्यात.”

“बुटाचा?”

“न्हाई गं. सोल म्हणजे आत्मा. जीव. तिकडं बाहेर लई जुना प्रकार हाय तो. तू सोल गा, मधी मी रॅप करतो. दोघांचा मिळून अल्बम करू.”

आपण चपात्या लाटताना जे करतो त्याला काही नाव आहे, हे ऐकूनच निशिगंधाला बरं वाटलं. ती हो म्हणाली. वर्षभर सुट्टीच्या दिवशी खिडक्यांना गाद्या लावून त्यांनी आठ गाणी रेकॉर्ड केली. गाद्या वर जाताना आणि खाली येताना बघून सोपानरावांना वाटायचं, पोरगा ढेकणांचा बंदोबस्त करतोय. कामाचा आहे म्हणून त्यांनी शेजारीपाजारी कौतुकही केलं.

अल्बम आला आणि मेसेजही यायला लागले. ‘विषय हार्ड.’ ‘जाळ अन् धूर संगटच.’ ‘भावा, एक नंबर.’ रणजीत हवेत होता. निशिगंधा मात्र एकेक मेसेज वाचून तोंड वाकडं करायची. शेवटी तिनं रणजीतच्या मित्राला, बंटीला, स्वतःच फोन लावला.

“बंटीदादा, कुठलं गाणं आवडलं?”

“तिसरं. तिसऱ्याला तोडच नाही.”

“तिसऱ्यात काय आवडलं?”

“विषयच हार्ड आहे ना त्याचा.”

“कुठला विषय?”

मग बंटी म्हणाला, “हॅलो? हॅलो? रेंज नाहीये,” आणि फोन बंद झाला.

“बघितलंस?” निशिगंधा रणजीतला म्हणाली. “एकानं ऐकलं नाही. तुझा मित्र म्हणून अंगठे दाखवायलेत नुसते. मला वाईट सांगितलं तरी चालंल, पण ऐकून सांगावं कुणीतरी.”

“मग काय माणसं बांधून घालायची का समोर?”

रणजीत हे चिडून म्हणाला, पण निशिगंधानं ते मनावर घेतलं. बांधून घातल्यासारखी माणसं ती रोजच बघत होती. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीची बस चाकणच्या चौकाकडं निघायची आणि ट्रॅफिकमध्ये अडकायची. उतरून जाण्यात अर्थ नसायचा, कारण उतरून जायचं कुठं? आणि त्या बसचे ड्रायव्हर होते रणजीतचे सख्खे मामा, चऱ्होलीचे खंडूमामा.

खंडूमामा म्हणजे कमी बोलण्यात पहिला नंबर. घरी, दारी, लग्नात, मयतीला, त्यांचा सगळा कारभार ‘हूं’वर चालायचा. रणजीतनं त्यांच्या मोबाईलमध्ये गाणी टाकली आणि सांगितलं, “मामा, बसच्या स्पीकरला लावा. पण आमी कोण ते कुणाला सांगू नका.”

“हूं,” मामा म्हणाले. एवढ्यावर काम झालं.

ठरलेल्या दिवशी दुपारी बस भरली. जानेवारीचा महिना, ऊन कोवळं, पण बायकांनी नेहमीसारखे तोंडाला स्कार्फ गुंडाळलेले. निशिगंधानंही डोळ्यांपर्यंत स्कार्फ ओढला आणि आपल्या रोजच्या जागी, अंबूबाईंच्या शेजारी बसली. अंबूबाई कंपनीत साफसफाईच्या टीमच्या मुकादम. मूळच्या परभणीच्या. त्यांचा आवाज असा, की कँटीनमध्ये कुणाला हाक मारली तर पलीकडच्या कंपनीतला माणूस ओ द्यायचा. रणजीत कुठूनतरी निळी टोपी आणि सेफ्टी शूज पैदा करून मागच्या सीटवर घुसला होता. पण पहिल्या सीटवर सुपरवायझर ज्योतीराम बसायचे, आणि बसमध्ये नवीन माणूस दिसला की त्यांना चैन पडायचं नाही. ते उठून मागं आले.

“नवीन का? कुठलं डिपार्टमेंट?”

“पेंट शॉप,” रणजीत म्हणाला.

“आपल्याकडं पेंट शॉप नाही.”

“येणारे ना. मला आधीच घेऊन ठेवलंय.”

ज्योतीराम विचारात पडले. कंपनी कधी काय करील याचा त्यांनाही भरवसा नव्हता. ‘बरं’ म्हणून ते जागेवर जाऊन बसले.

चौकाच्या अलीकडं बस थांबली. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, डाव्या बाजूला सिमेंटचा मिक्सर गरगर फिरतोय. मामांनी गाणी लावली.

पहिलंच गाणं ‘एक दिवसाआड’. निशिगंधाचा आवाज बसमध्ये पसरला.

‘नळासारखा तू रे, एक दिवसाआड,
आलास तर भरून घेते, नाहीतर कोरडं माझं दार…’

बस हळूहळू शांत झाली. एका माणसानं तर मोबाईल खाली ठेवला. तो म्हणाला, “बरोबर बोलतीय. आमच्याकडं तर परवापासून पाणी नाही.”

“कुठं राहता?”

“रहाटणीला.”

“आमच्याकडं येतं, पण प्रेशरच नसतं.”

“तक्रार करायला पाहिजे. हे गाणंच पाठवून द्या त्यांना.”

गाण्याचं नाव, गाण्यातलं प्रेम, गाण्यातला विरह सगळं बाजूला राहिलं आणि बसमध्ये पाण्याची सभा भरली. तेवढ्यात रणजीतचा रॅप सुरू झाला, तसं अंबूबाईंनी दचकून वर बघितलं.

“हे कोण बोलायलंय मधीच?”

“गाण्यातलाच आहे तो, मावशी,” गणराज म्हणाला. गणराज प्लॅनिंगमधला इंजिनिअर. कानात कायम काहीतरी घातलेलं, आणि जगातलं सगळं संगीत आपल्याला माहीत आहे असा चेहरा. “हिप-हॉप म्हणतात. ती सोल गाते, तो रॅप करतो. कोलॅब आहे.”

“कुलूप?”

“कोलॅब. दोघांनी मिळून केलंय.”

“मिळून कुठं? तिला बोलू तर द्यायलाय का तो! दोन ओळी झाल्या न झाल्या की आलाच मधी. नवरा दिसतोय.”

ही गोष्ट बसमधल्या बायकांना एकदम पटली. दुसरं गाणं लागलं आणि सगळ्या कान देऊन ऐकायला लागल्या. निशिगंधानं एक लांब सूर धरला, आणि तो संपायच्या आत रणजीत तोंडात गोळ्या असल्यासारखा तडतडायला लागला.

“बघा! बघा!” अंबूबाई म्हणाल्या. “बिचारीचा श्वास होऊ दिला नाही!”

“लोकांनी प्लॉट बघायला यावं म्हणून रिक्षातून ओरडत जातात ना, तसा बोलतोय,” आणखी एक बाई म्हणाली.

मागच्या सीटवर रणजीतला घाम फुटला. “ओ, त्याला फ्लो म्हणतात,” तो ओरडला. “लई अवघड असतं ते!”

“आमच्या कालव्याला पण फ्लो आहे,” कुणीतरी म्हणालं, आणि बस हसली.

पुरुषांनी मग रॅपरची बाजू घ्यायची ठरवली, पण तिसऱ्या गाण्यानं घात केला. त्यात रणजीतनं म्हटलं होतं, ‘रहाटणी ते दिघी, मला लागत नाही सिग्नल, मी निघालो की रस्ता म्हणतो, चल राजा, निघ चल.’ रहाटणीवाला माणूस ताडकन उठून उभा राहिला.

“खोटं आहे! मी रोज येतो. सिग्नल नाही कसा?”

“आतल्या रस्त्यानं आला असेल,” दिघीचा एक जण म्हणाला.

“आतून आलं तरी नाशिक फाट्याला काय करणार?”

“वरून.”

“वरून म्हणजे कसं? हेलिकॉप्टरनं?”

“अहो, फ्लायओव्हरवरून!”

दोन गट पडले. एकानं मोबाईलवर नकाशा काढला, दुसऱ्यानं तो नकाशा जुना आहे म्हणून सांगितलं. चौथं गाणं कधी आलं आणि कधी गेलं हे कुणालाच कळलं नाही. ज्योतीराम मधे पडले आणि निकाल देऊन टाकला, “मुलगा खोटारडा आहे. पण आवाज खणखणीत आहे. कंपनीत सेफ्टीच्या सूचना द्यायला चांगला.”

रणजीतनं टोपी नाकापर्यंत खाली ओढली. निशिगंधाला स्कार्फच्या आत हसू आवरेना. पण हसता हसता तिच्या मनात एक गोष्ट टोचत होती. अंबूबाई जे म्हणत होत्या ते तिला वर्षभर वाटत आलं होतं. गाण्यात जिथं तिनं शांतता सोडली होती, तिथं प्रत्येक वेळी रणजीत येऊन बसला होता. तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. अल्बम त्याच्या खोलीत, गाद्या त्याच्या घरातल्या. आपण काय बोलायचं?

पाचवं गाणं सुरू झालं. नुसता ढोलकीसारखा ठेका, आणि त्यावर ती गुणगुणतीय. आणि तेवढ्यात खंडूमामांच्या मोबाईलवर फोन आला.

फोन इंद्रायणीमामींचा होता, मामांच्या बायकोचा. कंपनीचा नियम असा, की ड्रायव्हरनं गाडीवर असताना फोन घ्यायचा नाही, आणि नियमवाले ज्योतीराम तर हाताच्या अंतरावर. मामांनी घाईघाईनं फोन कट करायला बोट मारलं, ते नेमकं हिरव्या खुणेवर पडलं. गाणं थांबलं. आणि बसच्या सगळ्या स्पीकरमधून, पुढून, मागून, डोक्यावरून, एक बाई बोलायला लागली.

“ऐकताय ना? न्हाई, ऐकत नसताल. पर मी बोलणार हाय.”

मामा जागच्या जागी गोठले. आता बंद करायला हात पुढं केला तर हा फोन आहे, गाणं नव्हे, हे ज्योतीरामना कळणार. ते समोरच्या कंटेनरकडं बघत बसून राहिले. नवऱ्यानं उत्तर दिलं नाही याचं मामींना काहीच विशेष वाटलं नाही. घरीही ते द्यायचे नाहीत.

“डबा इसरून गेलात आज. भेंडी केली हुती. आता कोण खायाची ती? मीच ना? कढई उघडून बसलेय आन् बघतेय तिच्याकडं. लगीन झाल्यापास्नं तुमाला आवडती म्हणून करतेय. कवा बारीक चिरून, कवा भरून. तुमी खाताय, हूं म्हणताय, उठताय.” एक उसासा. “मला भेंडी आवडत न्हाई.”

अंबूबाई सीटवर पुढं सरकून बसल्या.

“कवाच आवडली न्हाई. ती चिकट हाय. तुमाला कळलं का कवा? तुमी इचारलं का कवा, इंदे, तुला काय आवडतं? मला भेंडी आवडत न्हाई. आयकलं का? मला… भेंडी… आवडत… न्हाई!”

फोन कट झाला. आणि मोबाईलनं आपोआप गाणं जिथं थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं. ढोलकीचा ठेका नेमका त्या ‘न्हाई’वर येऊन पडला.

मग अंबूबाईंनी टाळी वाजवली. मग त्यांच्या पुढच्या बाईनं. मग सगळी बस टाळ्या वाजवायला लागली. एक बाई स्कार्फच्या टोकानं डोळे पुसत होती.

“याला म्हणतात गाणं!” अंबूबाई म्हणाल्या. “काय बोलली बाई! आतडं पिळून बोलली.”

“इंटरल्यूड आहे,” गणराज डोळे मिटून म्हणाला. “दोन गाण्यांच्या मधे असं बोलणं टाकतात. खरं सोल तेच. भेंडी हे प्रतीक आहे.”

“कशाचं?” ज्योतीरामनी विचारलं.

“सगळ्याचंच.”

ज्योतीरामनी मान डोलावली. त्यांचं लग्न होऊनही बरीच वर्षं झाली होती.

“त्या बाईचं परत लावा!” मागून ओरडा झाला. “ओ खंडूभाऊ, मागं घ्या जरा!”

खंडूमामांचे कान लाल झाले होते. त्यांनी गाणं मागं घेतलं. ठेका आला, गुणगुणणं आलं, पण बाई आली नाही. पुन्हा घेतलं. पुन्हा नाही. गणराजनं आपल्या मोबाईलवर ‘जीव’ शोधला आणि पाचवं गाणं लावलं. त्यातही बाई नाही.

“म्हणजे खंडूभाऊंकडं स्पेशल एडिशन आहे,” तो आदरानं म्हणाला. “बाजारात आलेलीच नाही अजून.”

“पण हा रॅपवाला काढून टाका आणि त्या बाईला घ्या, असं कळवा कुणीतरी त्यांना,” अंबूबाई म्हणाल्या.

हे मात्र रणजीतला सहन झालं नाही. तो उठला, टोपी काढली आणि एका दमात ओरडला, “अरे ती बाई अल्बममधी न्हाईच, ती माझी मामी हाय, मामांना फोन आला हुता, आन् वर्षभर घासून मी लिवलंय ते काय कुणाच्या कानात शिरंना का!”

सगळी बस मागं वळली. अंबूबाईंनी डोळे बारीक केले.

“तोच हा,” त्या म्हणाल्या. “आवाज तोच. आताही दम घेतला नाही बघा.”

रणजीतला पळायला जागा नव्हती. मागच्या काचेला कंटेनर चिकटलेला. चहूबाजूंनी प्रश्न आले. त्या पोरीला बोलू का देत नाहीस? कुठला सिग्नल लागत नाही सांग? पेंट शॉपचं काय झालं मग?

“मला काय इचारताय? ती हितंच बसलीय! तिलाच इचारा, मी बोलू देतो का न्हाई!”

आता बस पुढं वळली. पुढं सगळ्या बायका, आणि सगळ्यांच्या तोंडाला स्कार्फ. निळे, पिवळे, फुलाफुलांचे. सगळ्या एकमेकींकडं संशयानं बघायला लागल्या. “मी नाही हं,” एकीनं आधीच सांगून टाकलं. निशिगंधाला वाटलं, आपण गप्प बसलो तर कुणालाही कळणार नाही. घरी जाऊ, चपात्या लाटू. पण खरं सांगा असं जगाला म्हणणारी ती, आणि आता सगळी बस खरं सांगून बसलेली. तिनं स्कार्फ सोडला.

“अगं बया!” अंबूबाई जवळजवळ सीटवरून पडल्या. “तू? कँटीनला मीठ दे एवढंच बोलतीस तू! आणि आतून एवढं गातीस?”

निशिगंधा लाजली. अंबूबाईंनी तिचा हात धरला आणि आवाज खाली आणून, म्हणजे फक्त बसपुरता करून, विचारलं, “खरं सांग पोरी. हा तुला गाऊ देतो का?”

निशिगंधानं रणजीतकडं बघितलं. तो सीटच्या पाठीला धरून उभा होता, केस टोपीनं चपटे झालेले.

“नाही,” ती म्हणाली. मग तिलाच वाईट वाटून पुढं म्हणाली, “म्हणजे तो वाईट नाही. त्यानं नसतं सांगितलं तर मी गायलेच नसते कुणासमोर. पण मी थांबले की त्याला वाटतं, माझं संपलं. माझं थांबणं पण गाणंच असतंय, रणजीत.”

रणजीतनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. सगळ्या बसनं ‘शू’ केलं. त्यानं तोंड मिटलं.

“आता म्हण,” ज्योतीराम म्हणाले, जणू हा कंपनीचा आदेश आहे. “ते पाण्याचं म्हण. आणि तू रे, पेंट शॉप, गप्प बसायचं.”

निशिगंधानं डोळे मिटले. मिक्सर गरगरत होता, कुठंतरी रिव्हर्सचा हॉर्न टिंव टिंव करत होता. मग तिला स्वयंपाकघराची खिडकी आठवली आणि तिनं सुरुवात केली. ‘नळासारखा तू रे, एक दिवसाआड…’ ओळ संपली. ती थांबली. रणजीतचा गळा हलला, ओठ हलले, पण त्यानं हात तोंडावर ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं सीटच्या पत्र्यावर वाजवायला लागला. टक. टक-टक. नुसतं तेवढंच. त्या मोकळ्या जागेत तिची पुढची ओळ आली, आणि रणजीतच्या अंगावर काटा आला. वर्षभर हेच गाणं त्यानं कानाला लावून ऐकलं होतं, आणि पहिल्यांदा त्याला ते ऐकू आलं.

बसच्या खिडकीखाली दोन मोटारसायकलवाले हेल्मेट काढून ऐकत होते. मिक्सरवाल्यानं मान बाहेर काढली. गाणं संपलं तेव्हा पाण्याचा विषय कुणीही काढला नाही.

आणि मग मागून हॉर्नचा कल्लोळ झाला. पुढचा रस्ता केव्हाच मोकळा झाला होता. कंटेनर दिसेनासा झाला होता. चाकणच्या चौकात रस्ता मोकळा आणि बस उभी, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. पण खंडूमामा स्टिअरिंग धरून बसलेलेच.

“खंडूभाऊ, चला की!”

“हूं,” मामा म्हणाले आणि गाडी काढली. मोशीपर्यंत ते काही बोलले नाहीत, यात नवल नव्हतं. नवल पुढं झालं. मोशीच्या भाजीवाल्यांपाशी त्यांनी बस कडेला घेतली, हँडब्रेक लावला आणि मागं वळून सगळ्यांना विचारलं, “कुठली भाजी घेऊ?”

एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मेथी घ्या, वांगी घ्या, हिरवा वाटाणा चांगला आलाय, असा गलका झाला.

“आम्हाला काय विचारताय?” अंबूबाई कडाडल्या. “तिला विचारा!”

मामांनी ज्योतीरामकडं बघितलं. ज्योतीराम नियमाचा माणूस. त्यांनी वाकून हँडब्रेक तपासला. “गाडी उभी आहे,” ते म्हणाले. “लावा फोन.”

बसच्या स्पीकरमध्ये रिंग वाजली.

“काय झालं?” मामींचा आवाज आला. “तुमी कवा फोन करताय? बस ठोकली का?”

“न्हाई.”

“मग कामावरनं काढलं?”

“न्हाई गं. इंदे… तुला कुठली भाजी आवडती?”

मामा घाम पुसत उभे. सगळी बस स्पीकरकडं मान करून बसलेली. रणजीतनं तोंड दाबून धरलं होतं.

“थांबा,” मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “आठवू द्या जरा. कुणी इचारलंच न्हाई म्हणून… चाकवत. आमच्या माहेरी ताकातला चाकवत करायचे.”

बसमधली निम्मी माणसं चाकवत आणायला खाली उतरली. आणि एवढ्या माणसांनी जोरात टाळ्या का वाजवल्या, हे मामींना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना वाटलं, नवरा लग्नात आहे.

पुढच्या आठवड्यात निशिगंधा आणि रणजीत त्यांना विचारायला चऱ्होलीला गेले. अल्बम पुन्हा करायचा, आणि गाण्यांच्या मधे मामींनी बोलायचं. मामींनी दोन अटी घातल्या. एक, एकदा बोललेलं त्या परत बोलणार नाहीत. दुसरी, दिघीचा जिना त्या चढणार नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात. मग जागेचा प्रश्न आला. तो सोपानरावांनी सोडवला. चऱ्होलीतच त्यांच्या ओळखीच्या बिल्डरची मोठी स्कीम चालू होती, आणि तिथला सँपल फ्लॅट सकाळचा रिकामाच असायचा. सँपल फ्लॅट म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायचं नटवलेलं घर : पुठ्ठ्याचा टीव्ही, प्लॅस्टिकची सफरचंदं, पाणी नसलेला नळ.

मामींनी त्या नळावर आधी पाच मिनिटं बोलून घेतलं. रणजीतनं ते गुपचूप रेकॉर्ड केलं आणि ते सगळ्यांत चांगलं निघालं. त्याचं स्वतःचं बोलणं त्यानं निम्म्यावर आणलं. सोपं नव्हतं ते; निशिगंधा थांबली की तो बेडरूममध्ये जाऊन उशीत तोंड खुपसायचा. सिग्नलची ओळ त्यानं बदलली आणि आता तिच्यात सगळे सिग्नल आले. गाणं लांबलं, पण रहाटणीवाल्यानं ते पास केलं.

निशिगंधाचा आवाज मात्र त्या मोठ्या हॉलमध्ये घुमायला लागला. म्हणून तिनं बेडरूममधल्या भिंतभर कपाटात उभं राहून, दार लावून गायचं ठरलं. रविवारची सकाळ होती. मामी सोफ्यावर, रणजीत उशीपाशी, निशिगंधा कपाटात. शेवटच्या गाण्याचा शेवटचा अंतरा चालला होता आणि तो असा लागला होता, की रणजीतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात सेल्समन एका नवरा-बायकोला फ्लॅट दाखवायला घेऊन आला. रणजीतनं दोन्ही हात जोडून त्यांना थांबायची खूण केली. सेल्समनला वाटलं, नमस्कार करतोय. त्यानं उलट नमस्कार केला आणि म्हणाला, “आणि हे बघा, फुल साइझ वॉर्डरोब,” आणि दार उघडलं.

आत निशिगंधा गात होती. डोळे मिटलेले, हात छातीवर. दार उघडल्याचा उजेड तिच्या पापण्यांवर पडला, पण सूर वर चढत होता आणि तो मधेच सोडायचा तिला धीर होईना. ती गात राहिली. मग ती थांबली, लांब, हवं तेवढं. कुणीही मधे बोललं नाही. मग शेवटची ओळ आली आणि संपली.

तिनं डोळे उघडले. समोर कधी न पाहिलेली एक बाई उभी होती, पर्स छातीशी धरून, आणि तिचे डोळे भरून आले होते. ती निशिगंधाकडं बघत होती आणि निशिगंधा तिच्याकडं. असं तोंडाकडं बघत कुणी आपलं गाणं शेवटपर्यंत ऐकेल, हे निशिगंधाच्या स्वप्नातही नव्हतं.

“ताई,” निशिगंधानं कपाटातूनच, हळूच विचारलं, “कसं वाटलं?”

त्या बाईनं डोळे पुसले, पर्स खांद्याला लावली. मग ती सेल्समनकडं वळली.

“हे कपाट,” ती म्हणाली, “फ्लॅटबरोबर असंच मिळतं का?”